फीडर बिघडलेला नाही, दाणा भिजलाय

जून लागला की दुकानात एकच तक्रार: "चिमण्या येईनाशा झाल्या, फीडर बदलून द्या." मागच्या पावसाळ्यात घोडबंदर रोडच्या एका काकूंनी तो पिशवीत घालून आणलाच. वर बाजरी खडखडीत, तळाला चार बोटं काळपट ढेप आणि तिच्यातून निघालेले पांढरे कोंब. झाकण काढताच कुबट वास. असल्या दाण्याला चिमणी चोच लावत नाही. लावलीच तर आजारी पडते.

चूक एकच. फीडर गळ्यापर्यंत भरायचा आणि आठ दिवस बघायचं नाही. मे महिन्यात हे खपून जातं. पावसात गॅलरीत तिरकी झड येते, वर ठाण्याची दमट हवा. दोन-तीन दिवसांत बुरशी धरते. म्हणून सप्टेंबर संपेपर्यंत रोज सकाळी मूठभरच घाला, संध्याकाळी उरलं तर टाकून द्या. जुन्यावर नवा दाणा ओतू नका. बाजरी, राळा, तांदळाची कणी पुरे. शेंगदाणे-मका या दिवसांत नकोच, त्यांच्यावरच्या बुरशीचं विष यकृतावर जातं.

पावसाळ्यात आम्ही पाच किलोची पिशवी विकत नाही, अर्ध्या किलोचीच देतो. काहींना राग येतो. किलोमागे थोडे जास्त पडतात, मान्य. पण पोरकिडे झालेला दाणा फेकण्यापेक्षा स्वस्तच.

आठवड्यातून एकदा ट्रे गरम साबणाच्या पाण्याने घासा आणि पूर्ण वाळू द्या. पावसात वाळत नाही, म्हणून दुसरा ट्रे ठेवा: एक टांगलेला, एक पंख्याखाली. (हो, सुटा ट्रे मिळतो.) एखादा पक्षी पिसं फुलवून मलूल बसलेला दिसला, तर दोन आठवडे दाणा बंद.

कबुतरांवरून सोसायटीची नोटीस आली असेल, तर दीड इंची जाळीचा फीडर घ्या. चिमणी, मुनिया आत शिरतात, कबुतर बाहेर राहतं. खाली सांडलेला दाणा मात्र रोज झाडा, नाहीतर जाळीचा उपयोग शून्य.

उन्हाळ्यात दाण्यापेक्षा पाणी महत्त्वाचं. मातीचं उथळ भांडं सावलीत ठेवा आणि पाणी रोज बदला, नाहीतर डास होतात. फरसाण, गाठिया, ब्रेड कधीच नको. खाडीवरच्या सीगलनाही नको.

जुना फीडर आणलात तर तळाला पाणी निघायला भोकं पाडून देतो, पैसे घेत नाही. फक्त धुवून आणा.