अकरावीचा अर्ज ठाणे-नवी मुंबईतून भरताना: आधी विषय ठरवा, मग कॉलेज

अकरावीच्या ऑनलाइन अर्जात विषय कुठेच विचारत नाहीत. कॉलेज विचारतात, शाखा विचारतात, माध्यम विचारतात. गणित ठेवायचे की जीवशास्त्र सोडायचे, मराठी घ्यायची की आयटी, हे सगळे ठरते प्रवेश निश्चित करायला कॉलेजात गेल्यावर. तिथे मागे रांग लागलेली असते आणि समोरचा क्लार्क घाईत असतो. पुढे कोणती प्रवेश परीक्षा देता येणार, हे मात्र शाखेपेक्षा या विषयांवरच जास्त अवलंबून असते. म्हणून अर्जाच्या दुसऱ्या भागाला हात लावण्याआधी घरात विषयांवर बोलणे होऊ द्या.

पात्रता आणि अर्जाचे दोन भाग

दहावी उत्तीर्ण झालेला कोणत्याही मान्यताप्राप्त मंडळाचा विद्यार्थी अर्ज करू शकतो. राज्य मंडळाच्या परीक्षेत एक किंवा दोन विषय राहिले असतील तर एटीकेटीवर अकरावीत प्रवेश मिळतो, मात्र ते विषय नंतर सोडवावे लागतात. मुंबई महानगर क्षेत्रात ही केंद्रीय पद्धत 2009 पासून आहे. 2025 पासून ती सगळ्या राज्यात लागू झाली. त्या वर्षी नोंदणी शुल्क 100 रुपये होते. ठाणे, नवी मुंबई आणि पनवेलची कॉलेजे मुंबई विभागाच्या शिक्षण उपसंचालकांच्या अखत्यारीत येतात.

पहिल्या भागात वैयक्तिक माहिती, आरक्षण आणि गुण भरायचे. राज्य मंडळाच्या मुलांचे गुण आसन क्रमांक टाकला की आपोआप येतात. सीबीएसई, आयसीएसईच्या मुलांना ते स्वतः भरावे लागतात आणि नंतर त्यांची तपासणी होते. नवी मुंबईत या मंडळांच्या शाळा भरपूर आहेत, त्यामुळे तिथल्या पालकांनी हा भाग शेवटच्या दिवसावर टाकू नये.

दुसऱ्या भागात किमान 1 आणि जास्तीत जास्त 10 पसंतीक्रम द्यायचे असतात. एकाच कॉलेजची अनुदानित आणि विनाअनुदानित तुकडी हे दोन वेगळे पर्याय धरले जातात. दोन्हींच्या फीमध्ये मोठा फरक असतो, कटऑफही वेगळा लागतो. यादीत कॉलेजचे नाव दिसले की लोक टिक करून मोकळे होतात आणि फीची पावती हातात पडल्यावर दचकतात.

पहिल्या क्रमांकाचे कॉलेज मिळाले की प्रवेश घ्यावाच लागतो. घेतला नाही तर जागावाटपाच्या पुढच्या नियमित फेऱ्या बंद होतात आणि सर्वांसाठी खुल्या फेरीपर्यंत थांबावे लागते. तेव्हा पहिल्या क्रमांकावर ‘बघू या लागतंय का’ म्हणून काही टाकू नका. आणि जे कॉलेज तिथे लिहाल, ते तुम्हाला हवे असलेले विषय शिकवते का, हे आधी फोन करून विचारा. मानसशास्त्र, भूगोल, इलेक्ट्रॉनिक्स हे विषय सगळीकडे नसतात.

अल्पसंख्याक, व्यवस्थापन आणि इनहाउस (त्याच संस्थेच्या शाळेतल्या मुलांसाठीच्या) कोट्यातल्या जागांचे प्रवेश वेगळे होतात. त्यासाठीही आधी पोर्टलवर नोंदणी करावीच लागते.

विषयांचा हिशेब उलटा मांडायचा

बारावीनंतर काय करायचे याचे दोन-तीन पर्याय लिहा आणि त्यांना कोणते विषय लागतात ते शोधून मागे या. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला एकच ध्येय ठामपणे सांगता यावे, ही अपेक्षा मला मुळातच गैर वाटते. दोन-तीन पर्याय मात्र बहुतेकांना सांगता येतात.

विज्ञान शाखेत एकूण सहा विषय असतात. इंग्रजी सक्तीचे, दुसरी भाषा किंवा आयटी, आणि बाकी चार. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित आणि जीवशास्त्र हे चारही घेतले तर बहुतेक सगळे दरवाजे उघडे राहतात, पण अभ्यासही तेवढाच वाढतो. गणित सोडले तर इंजिनिअरिंग आणि आर्किटेक्चर बंद. जीवशास्त्र सोडले तर नीट, म्हणजे एमबीबीएस, बीडीएस, आयुर्वेद आणि होमिओपॅथी, हातचे गेले. बीएस्सी नर्सिंगलाही जीवशास्त्र लागते. बी. फार्मला गणित किंवा जीवशास्त्र यांपैकी एक चालते. राज्यातल्या कृषी पदवीलाही दोन्ही गट चालतात. त्यामुळे ‘फार्मसी करायची म्हणून जीवशास्त्र हवेच’ हे खरे नाही.

एनडीएमध्ये, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत, भूदलासाठी कोणत्याही शाखेची बारावी चालते, नौदल आणि हवाई दलाला मात्र भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित हवे. मर्चंट नेव्हीचे आकर्षण आपल्याकडे पूर्वीपासून आहे. एका बाजूला न्हावा-शेवाचे बंदर, दुसरीकडे नेरुळच्या खाडीकाठी टी. एस. चाणक्य, म्हणजे आताचा इंडियन मेरिटाइम युनिव्हर्सिटीचा नवी मुंबई कॅम्पस. नॉटिकल सायन्स किंवा मरीन इंजिनिअरिंगला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित यांत मिळून सरासरी 60 टक्के लागतात, शिवाय दहावीत किंवा बारावीत इंग्रजीत 50 टक्के. इंग्रजीच्या या अटीकडे कुणाचे लक्ष जात नाही.

द्विलक्षी विषयांचा गोंधळ दरवर्षी होतो. कॉम्प्युटर सायन्स किंवा इलेक्ट्रॉनिक्स हा द्विलक्षी विषय 200 गुणांचा असतो. तो दुसरी भाषा आणि एक ऐच्छिक विषय यांच्या जागी येतो. हा ऐच्छिक विषय बहुधा जीवशास्त्र असतो. कॉम्प्युटर सायन्स आणि 100 गुणांचे आयटी हे दोन वेगळे विषय आहेत. आयटी फक्त भाषेच्या जागी येते. द्विलक्षीच्या जागा मोजक्या असतात आणि बहुतेक ठिकाणी विज्ञान शाखेत प्रवेश मिळालेल्यांनाच कॉलेज त्या गुणांनुसार देते. कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी या विषयाची अट नाही, हेही माहीत असू द्या. मुलाला विषय आवडतो आणि नीटचा विचार नाही, तर जरूर घ्यावा. शेजारच्याने घेतला म्हणून नको.

मराठी सोडून आयटी घेण्याकडे ओढा आहे, कारण गुण पडतात. हिशेब चुकीचा नाही. पण एमपीएससीच्या राज्यसेवा मुख्य परीक्षेत मराठीची सक्तीची प्रश्नपत्रिका असते. ज्यांच्या मनात सरकारी नोकरी आहे, त्यांनी दहावीनंतर मराठी कायमची मिटून ठेवण्याआधी थोडा विचार करावा.

एमएचटी-सीईटीत, म्हणजे इंजिनिअरिंग-फार्मसीच्या राज्य प्रवेश परीक्षेत, अकरावीच्या अभ्यासक्रमाला 20 टक्के आणि बारावीच्या अभ्यासक्रमाला 80 टक्के भार असतो. पीसीएम (भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित) गटात 200 पैकी 100 गुण एकट्या गणिताचे. गणिताचा कंटाळा असलेल्या मुलाला ‘इंजिनिअरिंगचं बघू’ म्हणून त्या गटात ढकलण्याआधी हा आकडा त्याच्यासमोर ठेवा.

वाणिज्य शाखेत खरा प्रश्न एकच, गणित की चिटणिसाची कार्यपद्धती, म्हणजे एसपी. बहुतेकांचा हात एसपीकडे जातो. सीएला बारावीच्या गणिताची अट नाही, पण सीए फाउंडेशनच्या चारपैकी एक पेपर व्यावसायिक गणित, तर्क आणि संख्याशास्त्राचा आहे. मुंबई विद्यापीठाच्या बीएस्सी आयटीसाठी बारावीला गणित हवे, आणि वाणिज्यचे गणितही चालते. दिल्ली विद्यापीठात अर्थशास्त्र ऑनर्स करायचे तर बारावीला गणित लागते. दहावीत गणित बरे गेले असेल तर ते सोडण्यात मला काही शहाणपण दिसत नाही.

कला शाखेतून पाच वर्षांच्या विधी पदवीची सीईटी देता येते. विज्ञान-वाणिज्यवाल्यांनाही देता येते. विज्ञानातून पुढे बीए किंवा बीकॉमकडे वळणे सोपे, उलट दिशा जवळपास बंद. याचा अर्थ सगळ्यांनी विज्ञान घ्यावे असा नाही. न झेपणारे विज्ञान दोन वर्षे ओढून बारावीला जेमतेम गुण पडले, तर उघडे म्हणून ठेवलेले दरवाजे कागदावरच राहतात.

सोडलेला विषय परत हवा झाला तर वाट आहे. बारावीनंतर राज्य मंडळाकडून ‘तुरळक विषय’ म्हणून त्याची परीक्षा देता येते. नीटसाठीही जीवशास्त्र नंतर अतिरिक्त विषय म्हणून घेतलेले चालेल, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नोव्हेंबर 2023 मध्ये जाहीर केले. यात एखादे वर्ष जाऊ शकते, एवढे लक्षात असू द्या.

दहावीनंतर थेट पॉलिटेक्निक किंवा आयटीआय हा रस्ताही आहे. त्याचे अर्ज वेगळ्या पोर्टलवर असतात, अकरावीच्या अर्जात तो पर्याय दिसणार नाही. ठाण्यात चेंदणीला विद्या प्रसारक मंडळाचे पॉलिटेक्निक आहे. डिप्लोमानंतर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येते. यंत्रात रमणाऱ्या मुलांसाठी अकरावी-बारावीपेक्षा हा मार्ग मला अनेकदा उजवा वाटतो.

कागदपत्रे

दहावीची गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला सगळ्यांना लागतो. आरक्षणासाठी जातीचा दाखला. ओबीसी, एसईबीसी, विमुक्त जाती-भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गाला त्यासोबत नॉन-क्रीमीलेअर. ईडब्ल्यूएससाठी पात्रता प्रमाणपत्र. दिव्यांग, माजी सैनिक, प्रकल्पग्रस्त अशा समांतर आरक्षणाचे दाखले ज्याचे त्याने लावावेत. नवी मुंबईच्या मूळ गावांतल्या कुटुंबांनी घरात प्रकल्पग्रस्ताचा दाखला आहे का, ते कपाटात शोधावे.

दाखला कुठे काढायचा यात नवी मुंबईकर हमखास चुकतात. ऐरोलीपासून बेलापूरपर्यंतचा भाग ठाणे जिल्ह्यात, ठाणे तालुक्यात येतो. खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल रायगड जिल्ह्यात, पनवेल तालुक्यात. खारघरचा अर्ज ठाण्याच्या तहसीलला चालत नाही. अर्ज ‘आपले सरकार’वर किंवा सेतू केंद्रातून करता येतो. निकालानंतर तिथे झुंबड उडते, म्हणून एप्रिलमध्येच कामाला लागावे. गेल्या वर्षीचे नॉन-क्रीमीलेअर घरात असेल तर त्याची मुदत तपासा. ती साधारणपणे 31 मार्चला संपते.

जात वैधता प्रमाणपत्र अकरावीच्या प्रवेशाला लागत नाही, बारावीनंतर इंजिनिअरिंग, फार्मसी किंवा मेडिकलच्या राखीव जागेसाठी लागते. जिल्हा जात पडताळणी समितीकडे त्याचा प्रस्ताव कॉलेजमार्फत अकरावीतच पाठवता येतो. वडील किंवा आजोबांच्या शाळेचे जुने दाखले गावाकडून आणावे लागतात, आणि ठाण्यात राहून साताऱ्याच्या किंवा सिंधुदुर्गातल्या शाळेचा निर्गम उतारा मिळवायला वेळ जातो. या गणपतीत गावी जाल तेव्हाच ते काम उरका.