पट्टायात गळ्यातली चेन गेली तर काय करायचं: तक्रार, कागदपत्रं, क्लेम (पुण्यातून जाणाऱ्यांसाठी)

पुण्यातून पट्टायाला जाणारे ग्रुप आता वर्षभर चालूच असतात, कुणाची डीलर मीट, कुणाची कंपनीची ट्रिप, कुणी लग्नाआधी मित्रांना घेऊन जातो, आणि यातले बरेच जण गळ्यात दोन-तीन तोळ्यांचा गोफ, हातात कडं, बोटात अंगठ्या असे जसे हडपसर-चिंचवडला फिरतात तसेच तिकडे फिरतात. पट्टायाच्या लोकल बातम्यांमध्ये भारतीय टुरिस्टची सोन्याची चेन गेली ही बातमी सतत येत असते आणि पद्धत जवळजवळ ठरलेली असते. रात्री दोन ते पहाटे पाचची वेळ, वॉकिंग स्ट्रीटवरून किंवा बारमधून निघून बीच रोडने हॉटेलकडे चालत जायचं, थोडी घेतलेली असते, वाटेत कुणीतरी हसत बोलायला येतं, खांद्यावर हात टाकतं, मिठी मारतं, दुसरं कुणी समोरून बोलत राहतं आणि तेवढ्यात मानेमागचा हूक निघालेला असतो. कधी मोटरसायकलवरून थेट हिसकाही बसतो. पहिल्या प्रकारात तर कळतंच उशिरा, रूमवर आल्यावर शर्ट काढताना हात गळ्याकडे जातो तेव्हा.

त्यानंतर बहुतेक लोक जे करतात तेच नडतं. लाज वाटते, घरी काय सांगायचं हा प्रश्न, सकाळी कोरल आयलंडची बोट बुक असते, नाहीतर दुपारी फ्लाइट असते, मग "जाऊदे, पुण्यात गेल्यावर बघू" म्हणून तसेच परत येतात. पुण्यात आल्यावर बघण्यासारखं फारसं काही उरत नाही हो. म्हणून कळकळीने सांगतोय, थायलंड सोडायच्या आधी पोलिसांचा कागद हातात पाहिजे, पुढचं सगळं त्या एका कागदावर चालतं.

पुण्यात एफआयआर का होत नाही

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली, त्यात कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असो, कुठल्याही पोलीस स्टेशनला तक्रार देता येते, यालाच लोक झिरो एफआयआर म्हणतात. पण तो नियम भारतातल्या हद्दींसाठी आहे, म्हणजे गुन्हा शिवाजीनगरला झाला आणि तुम्ही कोथरूडला तक्रार दिली तर ते चालतं. पट्टायात तिथल्याच माणसाने केलेली चोरी आपल्या पोलिसांच्या तपासात येतच नाही, तो थायलंडच्या कायद्याचा विषय. अपवाद एकच, चोरी करणारा स्वतः भारतीय नागरिक असेल, समजा ग्रुपमधल्याच कुणी रूममधून अंगठी उचलली, तर भारतीय न्याय संहिता परदेशात भारतीयाने केलेल्या गुन्ह्यालाही लागू होते आणि इथे तक्रार देता येते, फक्त पुढे खटला चालवायला केंद्र सरकारची परवानगी लागते. बाकी कुणी एजंट "मी पुण्यात एफआयआर करून देतो" म्हणाला तर पैसे देऊ नका.

तिथे तक्रार कशी द्यायची

पहिला फोन ११५५. हा थायलंडच्या टुरिस्ट पोलिसांचा नंबर, चोवीस तास चालू असतो आणि इंग्रजीत बोलता येतं. मारहाण झाली असेल, लागलं असेल तर अ‍ॅम्ब्युलन्ससाठी १६६९, आणि साध्या पोलिसांचा १९१. एक गोष्ट नीट समजून घ्या, टुरिस्ट पोलीस मदत करतात, भाषेचं बघतात, तुमच्यासोबत येतात, त्यांच्याबरोबर काम करणारे परदेशी स्वयंसेवकही पट्टायात असतात, पण केस नोंदवतो तो लोकल पोलीस स्टेशनचा तपास अधिकारी. मधल्या पट्टायासाठी पट्टाया सिटी पोलीस स्टेशन बीच रोडवरच सोई ९ पाशी (सोई म्हणजे तिथली गल्ली) आहे. घटना जोमतिएनकडे किंवा अजून कुठे झाली असेल तर हद्द बदलू शकते, ते ११५५ वाले सांगतात.

तक्रार ज्याची वस्तू गेली त्याने स्वतः द्यायची, मूळ पासपोर्ट घेऊन. मित्राने साक्षीदार म्हणून सोबत जरूर जावं, पण त्याच्या नावावर तक्रार देऊन तुम्ही रूममध्ये झोपून राहिलात तर पुढे क्लेमच्या वेळी नावांचा घोळ होतो. बरोबर काय न्यायचं: पासपोर्ट, हॉटेलचं नाव-पत्ता असलेलं कार्ड, चेनच्या बिलाचा फोटो, आणि चेन गळ्यात दिसतेय असा त्याच रात्रीचा एखादा फोटो. हा फोटो बहुतेकांकडे असतोच, बारमध्ये सेल्फी काढलेली असते, ती डिलीट करू नका, त्यावर वेळ असते आणि चेन दिसते, यापेक्षा चांगला पुरावा त्या घडीला दुसरा नसतो. शक्य असेल तर जिथे झालं तिथे परत जाऊन दुकानाच्या पाटीचा, सोईच्या नंबरचा फोटो घ्या, कारण सीसीटीव्ही भरपूर आहेत पण "बीच रोडवर कुठेतरी" असं सांगितलं तर कुणी कुठलं फुटेज बघायचं, आणि जुनं रेकॉर्डिंग पुसलं जातं म्हणून त्याच रात्री किंवा सकाळी उठल्या उठल्या जा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तिथे पोलिसांकडे दोन प्रकारे नोंद होते, एक नुसती पुराव्यापुरती डायरीत नोंद, म्हणजे अमुक माणसाने येऊन अमुक वस्तू गेल्याचं सांगितलं, आणि दुसरी रीतसर फिर्याद, ज्यात तुम्ही म्हणता की गुन्हा दाखल करून तपास करा. इन्शुरन्सला पहिली बऱ्याचदा चालून जाते, पण चोर शोधायला आणि सोनं परत मिळायला दुसरी लागते. तुम्ही "इन्शुरन्ससाठी पेपर हवाय" एवढंच बोललात तर पहिलीच मिळणार. म्हणून टुरिस्ट पोलिसवाल्याला स्पष्ट सांगा की मला केस करायची आहे, आणि कागदावर सही करायच्या आधी तो थाई मजकूर त्याच्याकडून वाचून समजून घ्या. कागद थाईतच मिळतो. त्यात तुमचं नाव पासपोर्टसारखं आहे का, पासपोर्ट नंबर, तारीख, वेळ, जागा, वस्तूचं वर्णन बघा, आणि "हरवली" लिहिलंय का "चोरीला गेली" लिहिलंय हे तर शंभर टक्के बघा, कारण हरवलेल्या वस्तूचा क्लेम आणि चोरीचा क्लेम यात कंपन्या फरक करतात.

वजनाचाही एक घोळ होतो. थायलंडमध्ये सोनं बाटमध्ये मोजतात, दागिन्याचा एक बाट म्हणजे १५.१६ ग्रॅम, आणि तिथलं सोनं ९६.५ टक्के शुद्धतेचं असतं. आपण तोळ्यात बोलतो, तोही कुणाचा १० ग्रॅमचा तर कुणाचा ११.६६ चा. तिथे "दोन तोळे" म्हणालात आणि कुणी "दोन बाट" लिहिलं तर २० ग्रॅमच्या चेनची ३० ग्रॅम झाली, मग बिल आणि रिपोर्ट जुळत नाही आणि इथला सर्व्हेअर, म्हणजे क्लेम तपासणारा माणूस, तिथेच अडकतो. वजन ग्रॅममध्ये सांगा, कॅरेट सांगा, तसंच लिहून घ्या.

खरं तेच सांगा. प्यायलो होतो, अमक्या बारमधून येत होतो, कुणीतरी मिठी मारली, हे सांगायला लाजू नका, त्यांना रोजचं आहे. मिठी मारून काढलेल्या चेनला "चाकू दाखवून लुटलं" असं सांगितलं आणि कॅमेऱ्यात वेगळं दिसलं तर खोटी तक्रार हा तिथे गुन्हा आहे. आणि त्या माणसाच्या मागे धावून मारामारी करू नका, बातम्यांमध्ये अशाही केसेस येतात की चेन गेली ती गेली, वर जखमा.

पासपोर्टपण गेला असेल तर

पाकीट-पासपोर्ट एकत्र असेल तर काम वाढतं. पोलीस रिपोर्ट घेऊन बँकॉकला भारतीय दूतावासात जायचं, सुखुमवित सोई २३ ला आहे, पट्टायाहून गाडीने दोन तास धरा. तिथे इमर्जन्सी सर्टिफिकेट मिळतं, ते फक्त भारतात परत यायला चालतं. पोलीस रिपोर्ट, पासपोर्टची झेरॉक्स किंवा फोनमधला फोटो, पासपोर्ट साइझ फोटो आणि फॉर्म लागतो. त्यानंतर थायलंडच्या इमिग्रेशनकडे तुमच्या एंट्रीची नोंद या नव्या कागदावर करून घ्यावी लागते, म्हणून फ्लाइट पुढे ढकलायची तयारी ठेवा. दूतावास तपास करत नाही आणि सोन्याचे पैसे देत नाही, पण पोलीस दादच देत नसतील तर त्यांना कळवा, परराष्ट्र मंत्रालयाचं मदद पोर्टलही आहे. पुण्यात आल्यावर मुंढव्याच्या पासपोर्ट सेवा केंद्रात हरवलेल्या पासपोर्टच्या जागी नवा असा री-इश्यूचा अर्ज, त्याला मूळ पोलीस रिपोर्ट आणि अ‍ॅनेक्श्चर एफचं प्रतिज्ञापत्र लागतं, ३६ पानी पासपोर्टला फी ३००० रुपये आणि तत्काळ हवा तर ५०००.

इन्शुरन्सचं

इथे बऱ्याच जणांचा भ्रमनिरास होतो म्हणून आधीच सांगतो. ट्रिपबरोबर जी ट्रॅव्हल पॉलिसी मिळते तिच्यात बॅगेज लॉस असं लिहिलेलं असतं, पण ते मुख्यतः एअरलाइनकडे दिलेल्या बॅगेसाठी असतं, आणि दागिने बहुतेक पॉलिसींमध्ये वगळलेले असतात नाहीतर त्यांना छोटी लिमिट असते. पासपोर्ट गेल्याचा खर्च मात्र मिळतो, तो मागा. चेनसाठी बघायची ती वेगळी जागा: घराच्या पॉलिसीत दागिन्यांचं वेगळं कव्हर घेतलंय का, आणि ते घराबाहेर, मुख्य म्हणजे भारताबाहेर चालतं का. काही सराफ दागिन्यासोबत वर्षभराचा फ्री इन्शुरन्स देतात, त्या बिलाच्या मागच्या बारीक अक्षरातल्या अटी वाचा, तिथेही परदेशाचा मुद्दा असतोच.

कव्हर असेल तर कंपनीला तिथूनच ईमेल करा, बऱ्याच पॉलिसींमध्ये पोलिसांकडे २४ तासांत जायची अट असते. क्लेमला साधारण हे लागतं: क्लेम फॉर्म, मूळ थाई पोलीस रिपोर्ट आणि त्याचं सर्टिफाइड इंग्रजी भाषांतर, दागिन्याचं बिल, पासपोर्टची शिक्क्यांसकट सगळी पानं, बोर्डिंग पास, कॅन्सल चेक. भाषांतर जमलं तर तिकडेच करून घ्या, थाईचा भाषांतरकार पुण्यात शोधत बसण्यापेक्षा सोपं पडतं.

क्लेम नाकारला तर आधी कंपनीच्याच तक्रार विभागाला लेखी द्या. महिनाभरात उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल, त्यांचं ऑफिस पुण्यातच आहे, नारायण पेठेत न. चिं. केळकर रोडवर जीवन दर्शन बिल्डिंगमध्ये. फी नाही, वकील लागत नाही, साध्या अर्जावर चालतं, पण कंपनीने नाकारल्यापासून एक वर्षाच्या आत जा. आयआरडीएआय म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था, तिच्या विमा भरोसा पोर्टलवर किंवा १५५२५५ वरही तक्रार नोंदवता येते.

निघायच्या आधी पुण्यात करायचं काम

माझं स्पष्ट मत, गोफ घरी ठेवून जा. पण काही जण नाहीच काढत, नवसाची असते, वडिलांची असते, बायकांचं मंगळसूत्र असतं, त्यांच्यासाठी हे. जाताना एअरपोर्टवर कस्टम्सकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट घ्या. भारतात राहणारा कुठलाही प्रवासी स्वतःचे दागिने बाहेर नेताना ते मागू शकतो. दागिना, पासपोर्ट, तिकीट, बिल आणि असेल तर व्हॅल्युअरचं सर्टिफिकेट दाखवायचं, अधिकारी वस्तू बघून वर्णन-वजन लिहून देतो. दागिना चेक-इन बॅगेत टाकू नका, हातात ठेवा, आणि लोहगावला असो की मुंबईला, नेहमीपेक्षा तासभर आधी पोचा, कारण रात्रीच्या फ्लाइट्सना काउंटरवर अधिकारी येईपर्यंत वेळ जातो. हे सर्टिफिकेट असतं परत येताना ड्यूटी लागू नये म्हणून, पण चोरी झाली तर "ही चेन माझ्या गळ्यात भारतातूनच होती" याचा तो सरकारी पुरावा होतो, पोलिसांनाही आणि इन्शुरन्सलाही. एक वर्षापेक्षा जास्त बाहेर राहिलेल्यांना दागिन्यांची जी सूट मिळते ती चार दिवसांच्या टुरिस्टला नसते, तिच्या भरवशावर राहू नका.

बिलाचंही बघा. लक्ष्मी रोडवरच्या किंवा रविवार पेठेतल्या दुकानातलं ते बिल कपाटात पडून अक्षरं उडालेली असतात, नाहीतर बिल आईच्या नावावर असतं आणि चेन मुलाच्या गळ्यात. निघायच्या आधी सराफाकडून डुप्लिकेट घ्या, नाव वेगळं असेल तर आईकडून साध्या कागदावर लिहून घ्या की ही मी मुलाला वापरायला दिली. एप्रिल २०२३ पासून विकलेल्या हॉलमार्क दागिन्यावर सहा आकडे-अक्षरांचा एचयूआयडी असतो, हूकजवळ बारीक कोरलेला, बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकून बघा बरोबर येतोय का, आणि मोबाईलचा कॅमेरा झूम करून त्याचा फोटो काढून घरच्या कुणाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाकून ठेवा, फोनही गेला तर तिकडून मागवता येईल. जुन्या दागिन्यावर हा नंबर नसतो, त्याचा वजनकाट्यावर ठेवलेला फोटो घ्या, ग्रॅमचा आकडा दिसेल असा.

चोर सापडला आणि चेन मिळाली तर

असं होतं, कॅमेऱ्यांमुळे काही केसेसमध्ये लगेच पकडतात. तुम्ही अजून थायलंडमध्ये असाल तर ओळख पटवायला बोलावतील, तेव्हा एचयूआयडीचा फोटो कामाला येतो. परदेशी साक्षीदार निघून जाणार असेल तर खटल्याच्या आधीच कोर्टात त्याची साक्ष नोंदवायची सोय तिथल्या कायद्यात आहे, पोलिसांना तुमची परतीची तारीख सांगून ते विचारा. पुण्यात परत आला असाल तर केस नंबर आणि तपास अधिकाऱ्याचं नाव-नंबर तुमच्याकडे पाहिजे, म्हणून रिपोर्ट घेतानाच ते लिहून घ्या. सोनं ताब्यात घ्यायला कुणाला नेमायचं असेल तर अधिकारपत्र कसं पाहिजे, नोटरी की दूतावासाचा शिक्का, हे त्या पोलीस स्टेशनलाच ईमेलवर विचारून मगच करा, आणि चेन भारतात आणणाऱ्याकडे पोलीस रिपोर्ट, एक्स्पोर्ट सर्टिफिकेट आणि बिल असे तिन्ही कागद द्या. क्लेमचे पैसे आधीच मिळाले असतील तर चेन सापडल्याचं इन्शुरन्स कंपनीला लेखी कळवावं लागतं.