डोमेनच्या तक्रारीला उत्तरच दिलं नाही तर? एकतर्फी निकालाची पार्श्वभूमी

एप्रिल १९९९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रेडिफ या भारतीय इंटरनेट कंपनीच्या बाजूने मनाई हुकूम दिला. 'रॅडिफ डॉट कॉम' हे मिळतंजुळतं डोमेन, म्हणजे वेबसाइटचं नाव, घेणाऱ्यांचा बचाव मजेशीर होता: 'रॅडिकल'ची पहिली तीन इंग्रजी अक्षरं आणि पुढे 'इन्फर्मेशन', 'फ्यूचर', 'फ्री' यांचं एकेक अक्षर जोडून आम्ही हे नाव बनवलं. न्यायालयाला ते पटलं नाही. पण हे प्रतिवादी निदान हजर तरी झाले. डोमेनच्या भांडणांत खरी अडचण असायची ती समोरचा सापडतच नाही याची. नाव कुठल्या देशातून घेतलंय, दिलेला पत्ता खरा आहे का, समन्स बजावायचं कुणावर?

'डॉट कॉम'ची नोंदणी करणाऱ्या नेटवर्क सोल्यूशन्सने १९९५ मध्ये यावर एक ओबडधोबड तोडगा काढला होता. ट्रेडमार्कचं प्रमाणपत्र दाखवलं की वादातलं नाव गोठवायचं. मग ते तक्रारदाराला मिळायचं नाही आणि मालकालाही वापरता यायचं नाही. पुढे जागतिक बौद्धिक संपदा संघटनेने (वायपो) एप्रिल १९९९ मध्ये अहवाल दिला आणि इंटरनेटवरच्या नावांची व्यवस्था पाहणाऱ्या आयकॅन या संस्थेने त्याच वर्षी डोमेनचे वाद सोडवायचं 'यूडीआरपी' हे धोरण मंजूर केलं.

गप्प बसणारा माणूस गृहीत धरूनच हे नियम लिहिलेले दिसतात. उत्तरासाठी २० दिवस. उत्तर आलं नाही, तर अपवादात्मक कारण नसेल तेव्हा तक्रारीवरूनच निकाल. नोटीस मालकाच्या हातात पडलीच पाहिजे असंही नाही. नोंदणीतल्या पत्त्यांवर नियमाप्रमाणे पाठवली की पाठवणाऱ्याची जबाबदारी संपली.

मात्र गप्प बसणं म्हणजे कबुली नव्हे. नाव ट्रेडमार्कशी गोंधळ होण्याइतकं सारखं आहे, मालकाचा त्यावर रास्त हक्क नाही आणि ते वाईट हेतूने घेतलं व वापरलं, हे तिन्ही मुद्दे तक्रारदारालाच सिद्ध करावे लागतात. सामान्य शब्दाचं नाव असेल तर उत्तर न देताही मालक वाचू शकतो.

तिसऱ्या मुद्द्याची कसोटी लगेचच लागली. ऑस्ट्रेलियातली दूरसंचार कंपनी टेल्स्ट्रा 'टेल्स्ट्रा डॉट ऑर्ग'साठी वायपोकडे गेली; यूडीआरपीखालच्या तक्रारी तिथे पंचांपुढे चालतात. मालकाचं नाव होतं 'न्यूक्लियर मार्शमेलोज'. या नावाचा व्यवसाय कुठे नोंदलेलाच नव्हता, संपर्काचा तपशील खोटा होता, उत्तर आलं नाही आणि त्या डोमेनवर वेबसाइटही नव्हती. मग जे वापरलंच नाही ते वाईट हेतूने वापरलं असं म्हणायचं कसं? फेब्रुवारी २००० च्या निकालात पंच अँड्र्यू ख्रिस्ती यांनी म्हटलं की काहीच न करणं हाही परिस्थिती पाहून वापर ठरू शकतो. नाव एवढं प्रसिद्ध, मालक लपलेला, आणि त्या नावाचा प्रामाणिक उपयोग कल्पनेतही येत नाही. डोमेन टेल्स्ट्राला मिळालं. हा निकाल आजही सर्रास उद्धृत होतो आणि माझ्या मते सगळ्या पार्श्वभूमीचं मर्म त्यातच आहे. मौन हा एकटा पुरावा पुरत नाही, पण बाकीच्या पुराव्यांना ते चांगलंच वजन देतं.

भारताच्या 'डॉट इन' नावांसाठी, ती नावं सांभाळणाऱ्या निक्सी या संस्थेने २००५ मध्ये स्वतःचं धोरण आणलं. तिथे लवाद नेमला जातो आणि गैरहजर राहिलं तर एकतर्फी निवाडा होतो. त्याला आव्हान लवाद कायद्याच्या कलम ३४ खाली.

यूडीआरपीत दंड नाही, भरपाई नाही; नाव जातं किंवा रद्द होतं, बस्स. म्हणूनही पुष्कळजण नोटिशीकडे काणाडोळा करतात. काहींना ती दिसतच नाही, कारण डोमेन वेबसाइट करून देणाऱ्याच्या ईमेलवर नोंदलेलं असतं. आपल्या दिवाणी न्यायालयात एकतर्फी हुकूमनामा रद्द करा असा अर्ज तरी करता येतो. इथे पंचांकडे अपील नाही. निकाल कळल्यापासून कामाचे १० दिवस रजिस्ट्रार, म्हणजे जिच्याकडे नाव नोंदलंय ती कंपनी, थांबतो. तेवढ्यात कोर्टात दावा दाखल केल्याचं दाखवलं, तर हस्तांतर अडतं. पण कोर्ट कुठलं, रजिस्ट्रारच्या मुख्य कार्यालयाच्या गावचं की मालकाच्या नोंदलेल्या पत्त्याचं, हे तक्रारदाराने तक्रारीतच निवडलेलं असतं. रजिस्ट्रार अमेरिकी असेल, तर पुण्यातल्या दुकानदाराला त्या १० दिवसांत वकील तिकडे शोधावा लागू शकतो.