मुलाचा आजार दीर्घकाळ चालणारा असेल तर धर्मादाय रुग्णालयात अर्ज कसा करायचा? ठाणे-नवी मुंबईच्या पालकांसाठी माहिती

मागच्या पावसाळ्यात कळव्याच्या एका ताईंसोबत मी एका मोठ्या ट्रस्टच्या रुग्णालयात गेले होते. मुलगा सहा वर्षांचा, थॅलेसेमिया, दर तीन आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. साड्यांच्या दुकानाच्या पिशवीत त्यांनी सगळे रिपोर्ट तारखेनुसार लावून आणले होते. रेशनकार्डही होतं, पण त्यावर मुलाचं नावच नव्हतं. तेवढ्यावरून त्या दिवशी परत फिरावं लागलं. म्हणून सांगते, कागदांची तयारी रुग्णालयात जायच्या आधी करा.

महाराष्ट्रात सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१कक नुसार आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार धर्मादाय, म्हणजे ट्रस्टने चालवलेल्या, रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी राखाव्या लागतात. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर मूल निर्धन गटात येतं आणि उपचार मोफत होतात. ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर दुर्बल गट, त्यात सवलतीचा दर लागतो. हा खर्च भागवण्यासाठी रुग्णालयाला आपल्या बिलांच्या २ टक्के रक्कम वेगळ्या निधीत ठेवावी लागते. त्यामुळे मागताना संकोच करू नका, आपण उपकार मागत नाही.

अर्ज बिलिंगच्या खिडकीवर करायचा नसतो. रुग्णालयात वैद्यकीय समाजसेवक असतात, थेट त्यांना भेटा. ते कागद तपासतात, घरची परिस्थिती विचारतात आणि नाव गटात नोंदवतात. तातडीच्या वेळी मात्र कागदांसाठी थांबायचं नाही. मुलाला आधी दाखल करून घेणं आणि त्याची प्रकृती स्थिर होईपर्यंत उपचार देणं रुग्णालयाला बंधनकारक आहे. त्यासाठी अनामत मागितली तर देऊ नका, समाजसेवकांना बोलवायला सांगा.

सगळ्यात महत्त्वाचा कागद म्हणजे तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला. तो सेतू केंद्रातून किंवा आपले सरकार पोर्टलवरून निघतो. वडील रोजंदारीवर असतील तर तलाठ्याचा उत्पन्न अहवाल आणि स्वयंघोषणापत्र जोडावं लागतं. इथे एक गोष्ट हमखास चुकते. ऐरोली, वाशी, नेरूळ, बेलापूरचं काम ठाणे तहसीलमध्ये होतं, पण खारघर, कामोठे, कळंबोली पनवेल तालुक्यात, म्हणजे रायगड जिल्ह्यात येतात. चुकीच्या कचेरीत गेलात तर अख्खा दिवस आणि त्या दिवसाची मजुरी जाते.

बाकी आई-वडिलांचं आणि मुलाचं आधार, पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड, मुलाचा जन्मदाखला, डॉक्टरांनी लिहिलेलं निदान आणि उपचाराच्या खर्चाचं अंदाजपत्रक. प्रत्येक ठिकाणी मुलाचं नाव एकसारखं लिहिलेलं आहे ना, हे डोळ्यांखालून घाला. रेशनकार्डावर नाव चढलेलं नसेल तर ते काम आजच शिधावाटप कार्यालयात टाका.

याच्या जोडीला महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आहे. वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंतचं संरक्षण त्यात मिळतं. योजनेतल्या रुग्णालयात रुग्णांना मदत करणारे आरोग्यमित्र बसतात, हेल्पलाइन १५५३८८. अंगणवाडीत किंवा शाळेत तपासणीला येणारं राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथकही विसरू नका. त्यांनी दिलेली चिठ्ठी जपून ठेवा, तिच्या आधारावर पुढची तपासणी आणि शस्त्रक्रिया मोफत होऊ शकते.

हृदयाचा जन्मजात दोष असेल तर खारघरचं श्री सत्य साई संजीवनी रुग्णालय आहे. तिथे मुलांच्या हृदयशस्त्रक्रिया पूर्णपणे मोफत होतात, बिलाची खिडकीच नाही. मी पहिल्यांदा गेले तेव्हा हे बघून खरंच डोळे भरून आले होते.

थॅलेसेमिया, हिमोफिलिया आणि सिकलसेल हे रक्ताचे आजार २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्व म्हणून नोंदलेले आहेत. त्यामुळे अशा मुलाचं दिव्यांग प्रमाणपत्र आणि युडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) काढून घ्या. हे अनेक पालकांना कोणी सांगतच नाही.

रुग्णालयाने दाद दिली नाही तर तोंडी भांडत बसू नका. नकार कोणी दिला, किती वाजता दिला हे लिहून धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. खाटा शिल्लक नाहीत असं सांगितलं तर तेही लेखी मागा.

कळव्याच्या त्या ताई पंधरा दिवसांनी नवं रेशनकार्ड घेऊन परत गेल्या आणि मुलाची नोंद झाली. आता दरवर्षी ३१ मार्चला उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत संपते, म्हणून एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातच त्या सेतू केंद्रात नवा अर्ज टाकून येतात.