बक्षिसाने आवड मरते का? एका वादाची पार्श्वभूमी

माणूस एखादे काम का करतो, याचे उत्तर विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आधी सहजप्रवृत्तींत आणि पुढे भूक-तहानेतून निर्माण होणाऱ्या शारीरिक ताणात शोधले गेले. १९४३ मध्ये मांडली गेलेली गरजांची उतरंड (आधी शारीरिक गरजा, मग वरच्या पातळीच्या गरजा) सर्वपरिचित असल्याने तिचा विस्तार येथे केलेला नाही. ताणाच्या सिद्धान्ताला खरे आव्हान मिळाले ते १९५० च्या सुमारास. पिंजऱ्यातल्या माकडांनी हूक आणि कडी उघडून सोडवायची कोडी खाऊच्या आमिषाशिवाय पुन्हापुन्हा सोडवली. उलट खाऊ मध्ये आल्यावर त्यांच्या कामात व्यत्यय आला.

हाच धागा १९७१ मधील एका प्रयोगाने माणसांपर्यंत आणला. विद्यार्थ्यांना ठोकळ्यांची कोडी दिली होती, शेजारी मासिके ठेवली होती. एका गटाला मधल्या सत्रात प्रत्येक सुटलेल्या कोड्यामागे एक डॉलर मिळाला. त्यानंतरच्या सत्रात पैसे बंद झाले; प्रयोगकर्ता आठ मिनिटे बाहेर गेला आणि कोण स्वतःहून ठोकळ्यांकडे वळतो, हे पाहिले गेले. पैसे घेतलेल्यांचा ओढा कमी झालेला दिसला. १९७३ मध्ये स्केचपेनने चित्रे काढणाऱ्या बालवाडीतील मुलांबाबतही तसेच आढळले. विशेष म्हणजे प्रमाणपत्र अनपेक्षितपणे मिळालेल्या मुलांची आवड टिकून होती; ती ओसरली, ते आधीच कबूल केलेल्या बक्षिसासाठी चित्र काढणाऱ्यांची.

खरा वाद पेटला तो १९९४ मध्ये. सुमारे शंभर अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण करून बक्षिसाचा दुष्परिणाम एकंदरीत नगण्य असल्याचा निष्कर्ष काढण्यात आला. मात्र त्यात रंजक कामांबरोबर कंटाळवाणी कामेही एकाच हिशेबात धरली होती. मुळात ज्या कामाची आवडच नाही, त्यातली आवड बक्षिसाने कमी कशी होणार, हा विरोधकांचा आक्षेप बिनतोड आहे, आणि असे अभ्यास मिसळल्याने परिणाम झाकला जातो, हे मान्य करायलाच हवे. १९९९ मध्ये १२८ अभ्यासांची फेरतपासणी झाली तेव्हा रंजक कामांचा हिशेब वेगळा ठेवला गेला. अपेक्षित आणि मूर्त (पैसे, वस्तू अशा) बक्षिसांनी आवड घटते, शाब्दिक कौतुकाने ती वाढते, असे त्यातून दिसले. लहान मुलांत मात्र कौतुकाचा तसा लाभ आढळला नाही. १९९४ चा निष्कर्ष मांडणाऱ्या बाजूने २००१ मध्ये पुन्हा उत्तर दिले आणि परिणाम बक्षीस कशासाठी व कसे दिले जाते यावर अवलंबून असल्याचे म्हटले. ही भूमिका १९९४ च्या निष्कर्षापेक्षा बरीच सौम्य होती, याची नोंद क्वचितच घेतली जाते.

२०१४ मधील चाळीस वर्षांच्या संशोधनाच्या आढाव्यात कामाच्या दर्जाचा संबंध आंतरिक प्रेरणेशी, म्हणजे त्या कामाच्याच आवडीशी, तर कामाच्या प्रमाणाचा संबंध मोबदल्याशी अधिक दिसला.