बर्स्ट फ्रॅक्चर: ऑपरेशन की पट्टा, या वादाची पार्श्वभूमी

झाडावरून, स्लॅबवरून नाहीतर बाईकवरून पडून एल-१ चा, म्हणजे कमरेचा पहिला मणका फुटून त्याचे तुकडे चहूबाजूंना सरकले (यालाच बर्स्ट फ्रॅक्चर म्हणतात) की नातेवाईकांना हमखास दोन मतं ऐकायला मिळतात, एक डॉक्टर म्हणतात उद्याच स्क्रू-रॉड टाकू, दुसरे म्हणतात तीन महिने पाठीला आधाराचा पट्टा लावा. पायात पूर्ण ताकद आहे, लघवी-संडासवर ताबा आहे, तरीही! भांडण खरं तर फुटलेल्या हाडावरून नाहीचे, त्याच्या मागच्या लिगामेंटवरून, म्हणजे मणके एकमेकांना बांधून ठेवणाऱ्या चिवट बंधांवरून आहे.

तसं मणक्याला मार लागण्याचं लिखाण फार जुनं. इजिप्तच्या साधारण साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या एका पपायरसात मानेचा मणका मुरगळणं वेगळं आणि निखळून हातपाय लुळे पडणं वेगळं असं नोंदवलंय, दुसऱ्यावर उपचार करू नयेत असंही लिहिलंय. पण आजच्या वादाचं मूळ १९६३ च्या आसपासचं. शेफिल्डमध्ये खाणकामगारांच्या पाठीच्या दुखापती बघणाऱ्या एका सर्जननी मांडलं की मणक्याची स्थिरता मागच्या बाजूवर आहे: फॅसेट जॉइंट (मणके मागून जोडणारे छोटे सांधे), त्यांची कॅप्सूल म्हणजे सांध्याचं आवरण, आणि तिथली लिगामेंट, म्हणजे इंटरस्पायनस आणि सुप्रास्पायनस लिगामेंट, लिगामेंटम फ्लेव्हम. हाड जुळतं, फाटलेल्या लिगामेंटचा तेवढा भरवसा नाही. म्हणून पेशंटला अलगद कुशीवर वळवून पाठीच्या मधोमध बोट फिरवायचं, दोन काट्यांच्या (मणक्यांच्या मागे हाताला लागणाऱ्या टोकांच्या) मध्ये बोट आत गेलं, पोकळी लागली, तर मागचं फाटलंय. नुसता बर्स्ट आणि मागचं शाबूत, तर तो त्यांच्या हिशोबात स्टेबल.

मग सीटी स्कॅन आला. १९८३ मध्ये अमेरिकेत ४१२ केसेसच्या अभ्यासातून तीन कॉलमची थिअरी आली, मणक्याच्या बॉडीचा (पुढच्या जाड भागाचा) मागचा अर्धा भाग आणि त्याला लागून असलेलं लिगामेंट हा 'मधला कॉलम', आणि तो तुटला की अनस्टेबल समजायची पद्धत रुळली. आता बर्स्टमध्ये मधला कॉलम तुटतोच, ती त्याची व्याख्याच आहे! मणक्यात मागून घालायचे पेडिकल स्क्रूही त्याच दशकात पसरले. माझ्या मते इथे गाडी घसरली, मागचे लिगामेंट धड असलेले कितीतरी पेशंट टेबलवर गेले. २००३ च्या एका ट्रायलमध्ये, छोटी होती पण रँडमाइज्ड होती (कोणाला कुठला उपचार हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलेलं), नसांना धक्का नसलेल्या स्टेबल बर्स्टमध्ये ऑपरेशनचा दीर्घकाळ फायदा दिसला नाही, आणि पुढे पंधरा-वीस वर्षांनी तेच पेशंट बघितले तर पट्टा-प्लास्टरवाल्यांचं दुखणं कमी होतं.

२००५ मध्ये दुखापतीला मार्क देऊन ऑपरेशन ठरवण्याची पद्धत आली आणि लिगामेंटला पुन्हा मान मिळाला, हे उत्तमच झालं. पण त्यातला एक निर्णय मला आजही खटकतो. लिगामेंट शाबूत तर ०, फाटलेले तर ३, आणि नुसती शंका असेल तर २. बर्स्टचे २ मार्क, नसा ठीक म्हणून ०. मग लिगामेंट शाबूत धरले तर बेरीज २, ऑपरेशन नको. फाटलेले धरले तर ५, ऑपरेशन करा. शंका असेल तर बरोबर ४, आणि ४ म्हणजे सर्जनची मर्जी. म्हणजे सगळा निकाल त्या एका शंकेवर, आणि शंका तर जवळपास प्रत्येक एमआरआयमध्ये घेता येते कारण फॅटची चमक दाबलेल्या इमेजमध्ये काट्यांच्या मधली नुसती सूजही पांढरी चमकते, ती सूज की फाटलेलं लिगामेंट यावर दोन रेडिओलॉजिस्टचंही एकमत होईलच असं नाही. या पद्धतीच्या बाजूने बोलायचं तर, खरोखर फाटलेला पेशंट घरी पाठवला आणि पाठीला कुबड येत गेलं तर ते नुकसान मोठं, म्हणून शंकेला वजन दिलं असं म्हणता येतं. पण २ म्हणजे जवळजवळ फाटल्याइतकंच की.

२०१३ च्या वर्गीकरणात या शंकेला वेगळी खूण दिली आणि पुढच्या स्कोअरमध्ये तिचा मार्क १ वर आणला. तरी मणक्याच्या वरच्या किंवा खालच्या एकाच बाजूची प्लेट (टोकाचा सपाट भाग) फुटलेल्या बर्स्टचे तिथे ३, अधिक १ म्हणजे पुन्हा ४, आणि ४-५ हा परत सर्जनच्या मर्जीचाच टप्पा.

म्हणून आता बरेच जण पट्टा लावून पेशंटला उभं करतात आणि उभ्यानेच एक्स-रे काढतात, कारण झोपून काढलेल्या फिल्ममध्ये मणक्यावर वजनच आलेलं नसतं. उभ्याच्या फिल्मवर बाक झोपलेल्यापेक्षा बराच वाढलेला दिसला तर मागचं धरत नाहीये असं समजून ऑपरेशनकडे वळतात, नाहीतर पट्टा चालू ठेवतात आणि काही आठवड्यांनी पुन्हा फिल्म काढतात.