पंक्चरचा पत्ता

पंक्चरवाल्या मामांनी ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात बुडवली, हातभर पुढे सरकवली आणि बुडबुड्यांची बारीक माळ वर आली. जुलैचा पाऊस, वडाळ्याचा नाका, ताडपत्रीखाली मी, माझी सायकल आणि अकरा दिवसांतलं तिसरं पंक्चर. मामांनी ट्यूब पुसली, कानस हातात घेतली आणि थबकले. "ताई, आता पॅचवर पॅच लावायची वेळ आली."

वाकून पाहिलं. आधीचे दोन पॅच आणि हे नवं भोक, तिन्ही मिळून चार बोटांत मावत होती.

तोवर मी सगळ्यांसारखंच नशिबाला बोल लावत होते. मुंबईत सायकल चालवायची तर पंक्चर होणारच, पावसात जास्त होणार, आणि नेमकं उशीर झालेला असेल त्या दिवशी होणार. पण तीन भोकं शेजारी-शेजारी? घरी येऊन कागदावर साधा हिशेब केला. चाकाचा घेर साधारण २१० सेंटिमीटर. रस्त्यावरची काच किंवा खिळा या घेरावर कुठेही घुसू शकतो. दुसरं भोक पहिल्याच्या पाच सेंटिमीटर मागे-पुढे पडण्याची शक्यता २१० मध्ये १०, म्हणजे एकवीसात एक. तिसरंही तिथेच पडायचं तर एकवीस गुणिले एकवीस, ४४१ मध्ये एक. माझं नशीब बेताचंच आहे, पण इतकं वाईट नाही. म्हणजे भोक पाडणारी वस्तू रस्त्यावर नव्हती. ती माझ्या टायरातच मुक्कामाला होती.

हा हिशेब जमला तो मामांच्या पद्धतीमुळे. ते चाक काढत नाहीत. टायरची एक कड रिमवरून उतरवतात, ट्यूब बाहेर ओढतात, पॅच मारून जशीच्या तशी आत सारतात. त्यामुळे ट्यूबचा जो भाग टायरच्या ज्या भागाला टेकलेला असतो, तो पुन्हा तिथेच जाऊन बसतो. चाक काढून ट्यूब उलटी बसली असती, तर पुढचं भोक वॉलच्या, म्हणजे हवा भरायच्या तोंडाच्या, दुसऱ्या बाजूला पडलं असतं आणि माझ्या काही लक्षात आलं नसतं.

ट्यूब हातात येते, ही गोष्ट आपण गृहीत धरतो. हवेचं टायर रॉबर्ट थॉमसन यांनी १८४५ मध्येच पेटंट करून ठेवलं होतं, पण ते मागे पडलं. १८८८ मध्ये बेलफास्टमधले जनावरांचे डॉक्टर जॉन बॉइड डनलॉप यांनी मुलाच्या तीनचाकीच्या निमित्ताने ते नव्याने आणलं. ते टायर मात्र रिमला चिकटवलेलं असे. १८८९ मध्ये फ्रान्समधल्या क्लेरमाँ-फेराँ गावात मिशलाँ बंधूंच्या कारखान्यात एक सायकलस्वार असं पंक्चर घेऊन आला, तेव्हा दुरुस्तीला तीन तास लागले आणि डिंक वाळायला रात्र गेली. दोन वर्षांत या बंधूंनी सुटं निघणारं टायर तयार केलं. दुरुस्ती झटपट व्हावी एवढाच त्यांचा हेतू. पण त्यामुळे साक्षीदाराला बाहेर काढून उलटतपासणी घ्यायची सोयही झाली.

ट्यूब काय काय सांगते? भोक रस्त्याच्या बाजूला असेल तर गुन्हेगार टायरातून आलाय. आतल्या, म्हणजे रिमच्या बाजूला असेल तर रस्त्याला शिव्या देऊन उपयोग नाही, दोष चाकाचाच. वॉलच्या बुडाशी चीर असेल तर हवा कमी असताना टायर रिमवर सरकलं आणि ट्यूब ओढली गेली. आणि वॉलपासून भोकापर्यंतचं अंतर म्हणजे पत्ता. त्यासाठी टायरवरचं कंपनीचं नाव नेहमी वॉलच्या समोर आणून बसवायचं, म्हणजे मोजायला एक ठरलेली खूण मिळते. सायकल शोकेसमध्ये ठेवल्यासारखी मिरवणारी माणसं हे दिसायला छान म्हणून करतात. खरा फायदा मला चौथ्या पंक्चरला कळला.

हो, चौथंही झालंच. या वेळी मामांकडे न जाता रविवारी घरीच चाक उघडलं. बादलीत ट्यूब बुडवली, तर बुडबुडा नाही! तासाभरात बसणारं टायर आणि भोक सापडत नाही. यामागे एक छोटंसं भौतिकशास्त्र आहे. टायराच्या कवचात ट्यूब चार किलो दाब झेलते, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर चार किलो वजन ठेवल्यासारखं. टायराबाहेर तीच ट्यूब नुसती फुगत जाते, आतला दाब फारसा चढतच नाही. आणि पाण्यात बुडबुडा तयार व्हायचा तर हवेला पाण्याचा पृष्ठताण मोडून बाहेर यावं लागतं. भोक जितकं बारीक, तितका जास्त दाब. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढ्या भोकातून बुडबुडा ढकलायला दर चौरस सेंटिमीटरला सुमारे तीनशे ग्रॅम दाब हवा. शिवाय ताण गेल्यावर रबर आपलं भोक स्वतःच मिटून घेतं. म्हणून ट्यूब दुप्पट जाड दिसेपर्यंत फुगवली, पाण्यात भांड्यांचा साबण कालवला आणि तो हाताने ट्यूबवर फासला. साबणाने पृष्ठताण निम्म्याहून खाली येतो. दोन मिनिटांनी एका जागी मोहरीएवढा फेस जमला. वॉलपासून ३८ सेंटिमीटर, रस्त्याच्या बाजूला. त्याच चार बोटांच्या शेजारी.

टायरवर ३८ सेंटिमीटर मोजून खडूची खूण केली आणि आतून बोट फिरवलं. काहीच लागलं नाही. मामांनीही तीनदा असंच बोट फिरवलं होतं, त्यांचा हलगर्जीपणा नव्हता. बोटाच्या दाबाने टोचेल इतकी ती वस्तू वर आलेलीच नव्हती. मग कापसाचा बोळा घेतला आणि आतून हलकेच ओढत नेला. खुणेपाशी दोन तंतू अडकले. तिथे टायर उलटं वाकवलं, तेव्हा एक काळसर टोक उजेडात चमकलं. भुवयांच्या चिमट्याने ओढल्यावर तांदळाच्या दाण्यापेक्षाही आखूड, केसापेक्षा जरा जाड अशी तार बाहेर आली. फ्रिजवरच्या चुंबकाला ती टपकन चिकटली. म्हणजे पोलाद.

इमारतींच्या बांधकामातल्या सळ्या बांधायची तार असेल, असं आधी वाटलं. आपल्याकडे दर दोनशे मीटरवर काहीतरी बांधकाम चालूच असतं. पण ती तार याहून बरीच जाड असते. भिंगातून पाहिल्यावर उत्तर मिळालं. रस्त्याकडचं टोक गंजलेलं होतं आणि रबरात रुतलेला भाग पिवळसर. ट्रकच्या आणि मोटारींच्या रेडियल टायरांमध्ये पोलादाच्या बारीक तारांचे पीळ असतात आणि त्या तारांवर पितळेचा मुलामा देतात. शोभेसाठी नव्हे. टायर भट्टीत शिजताना रबरातलं गंधक पितळेतल्या तांब्याशी जोडलं जातं, त्यामुळे तार रबराला घट्ट धरून राहते. टायर झिजून फाटलं की या तारा तुटून रस्त्यावर विखुरतात. माझा रोजचा रस्ता वडाळ्याहून शिवडीवरून, गोदीच्या कडेकडेने फोर्टपर्यंत. दिवसभर कंटेनरच्या गाड्या. एका टायराच्या हाडाने दुसऱ्या टायराचा जीव घेतला होता.

आता प्रश्न उरला की तार आतच होती, तर टायर रोज का बसत नव्हतं? मध्ये तीन-चार दिवस बरे का जात? कारण तार खिळ्यासारखी एका झटक्यात घुसत नाही, ती चालत येते. चाक फिरताना टायरचा जो भाग जमिनीला टेकतो तो सपाट होतो, उचलला की पुन्हा गोल. दर फेरीला तारेला आत एक सूक्ष्म धक्का. माझा एका बाजूचा प्रवास दहा किलोमीटरचा, म्हणजे चाकाच्या पावणेपाच हजार फेऱ्या. भोक पडलं, मामांनी पॅच मारला, हाताळताना तार थोडी मागे सरली, आणि पुन्हा फेऱ्या सुरू. पॅचची जाडी मध्ये आली की ती शेजारच्या मऊ जागेला टोचायची. म्हणून भोकं अगदी एकावर एक न पडता शेजारी-शेजारी पडत होती.

चारही पंक्चर मागच्या चाकाची, यातही नवल नव्हतं. सायकलवर बसल्यावर वजनाचा मोठा वाटा मागे जातो. आणि रस्त्यावर आडवी पडलेली काच किंवा तार पुढच्या चाकाखालून उडून उभी राहते, तेवढ्यात मागचं चाक येऊन तिच्यावर बसतं. पुढचं चाक वाट झाडतं, मागचं भोगतं. पावसाचाही हात असतोच. ओलं रबर काचेने सहज कापलं जातं, कारण पाणी वंगणाचं काम करतं. रबर कापणारे कारागीर पातं ओलं करून घेतात ते याचसाठी. शिवाय पावसाचा लोंढा सगळा कचरा रस्त्याच्या कडेला आणून टाकतो, आणि सायकलवाल्याला रस्ता म्हणून आपण कडच देतो.

तार काढल्यावर तीन आठवडे सुखाचे गेले. ऑगस्टमध्ये पुन्हा टायर बसलं. सवयीने कापूस घेतला, पण ट्यूबने सांगितलं की भोक आतल्या बाजूला आहे. रिमवरची रबरी पट्टी सरकून, चाकाच्या आऱ्या रिमला जिथे अडकवतात त्या निपलचं एक भोक उघडं पडलं होतं. आठ मिलिमीटर व्यासाचं भोक, म्हणजे अर्धा चौरस सेंटिमीटर. चार किलोच्या दाबाने तिथे ट्यूबवर दोन किलोचा जोर येतो आणि ती त्या भोकात फुगा होऊन उतरते. धारेवर घासून कधीतरी फाटतेच. कापडी पट्टी लावली, विषय संपला.

मग गणपतीला कोकणात गेलो. दहा-बारा दिवसांनी परत आलो तर सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोन्ही चाकं मऊ. दोन्ही एकदम आणि सारखीच, म्हणजे पंक्चर नव्हे. रबर डोळ्यांना सलग दिसतं, पण हवेचे रेणू त्याच्या साखळ्यांमधून वाट काढत बाहेर पडतच असतात. १९३७ मध्ये शोधलेल्या ब्युटाइल रबरात या साखळ्यांवर मिथिल गटांची, म्हणजे बाजूला फुटलेल्या छोट्या फांद्यांची, अशी दाटी असते, की हवेला दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी दादरच्या फूलबाजारातून जावं लागल्यासारखं होतं. जाता येतं, पण रेटारेटी करत. नैसर्गिक रबरातून हवा याच्या सुमारे दहापट वेगाने निसटते. म्हणून साध्या रबराच्या ट्यूबा लवकर मऊ पडतात आणि ब्युटाइलच्या आठवडे टिकतात. एका रात्रीत बसलेलं टायर मात्र या कारणाने कधीच बसत नाही.

माझ्या सायकलला मोटारसायकलसारखा वॉल आहे. पाववाल्यांच्या, डबेवाल्यांच्या काळ्या सायकलींना मात्र अजून तो जुना वॉल असतो, ज्यात धातूच्या नळीवर रबराची बारीक नळी चढवलेली असते. हवा आत जाताना ती रबरी नळी फुगून वाट देते, बाहेर येताना दाबली जाऊन वाट बंद करते. ती वॉल ट्यूब उन्हाने चिरली की ट्यूबला एकही भोक नसताना चाक बसतं. बोटाला थुंकी लावून वॉलच्या तोंडावर धरायची आणि बुडबुडा येतो का पाहायचं, ही परीक्षा आपल्याकडे लहान मुलंही करतात. साबणाच्या फेसाचंच ते घरगुती रूप. दुरुस्तीला लागणारी वस्तू चिल्लरमध्ये मिळते, तरीही मी लोकांना नवी ट्यूब घेताना पाहिलंय.

उन्हाने टायर फुटतं, असंही सगळे सांगतात. सकाळी सत्तावीस अंशाला चार किलो हवा भरली आणि टायर तापून सत्तावन्न अंशांवर गेलं, तर दाब साडेचारच्या आसपास जातो. धडधाकट टायर एवढ्याने फुटत नाही. फुटतं ते आधीच कड फाटलेलं, आणि नाव उन्हाचं होतं.

ती पिवळी तार मी मामांना नेऊन दिली होती. त्यांनी ती हवेच्या पंपाशेजारच्या चुंबकावर चिकटवून ठेवली आहे, आणि सोल्युशनच्या डब्याशेजारी आता कापसाची पुडीही दिसते. गेल्या आठवड्यात मी पुन्हा चाक ढकलत त्यांच्याकडे गेले. रस्त्यावर नवे पेव्हर ब्लॉक बसवलेत, त्यातला एक बाहेर आलेला होता आणि मी वेगात होते. मामांनी ट्यूब बुडवली. शेजारी-शेजारी दोन माळा वर आल्या, सापाच्या दातांसारख्या. कापूस काढायचीही गरज नव्हती. मागच्या चाकावर माझं आणि सायकलचं मिळून साधारण ४५ किलो वजन येतं. दाब चार किलो असेल तर जमिनीला टेकणारा भाग होतो अकरा चौरस सेंटिमीटर, काड्यापेटीहून लहान. दाब दोनवर उतरला तर तोच भाग दुप्पट, म्हणजे टायर तितकं चपटं. मग ब्लॉकची कड थेट रिमपर्यंत पोचते आणि मध्ये सापडलेली ट्यूब रिमच्या दोन्ही कडांवर चेचली जाते. म्हणून दोन भोकं.

मामांनी दोन्ही भोकांवर बोटं ठेवून माझ्याकडे पाहिलं. "ताई, हवा कधी भरली होती?"

"गणपतीहून आल्यावर," मी म्हणाले. दिवाळी चार दिवसांवर होती.